विराजची बाजू

"ब्लेडनं हातावर नाव कोरतोय तो, आणि तू म्हणतेस किती प्रेम आहे!" मी पल्लूच्या हातातला रिमोट हिसकावून घेतला. "उद्या भाजीत मीठ जास्त पडलं तर कुठं कोरणार आहे? कपाळावर?"

"दीदी, तुला भावनाच नाहीत," पल्लू म्हणाली. "अनय तिच्यासाठी जीव द्यायला तयार हाय. तुझ्या विराजनं काय केलं? नुसता भांडतो."

"भांडतो, आणि हरल्यावर 'चुकलं माझं' म्हणतो. अख्ख्या कॉलेजसमोर म्हणाला. तुझा अनय काय करतो? खिडकीखाली उभा राहतो, कविता टाकतो, आणि तिनं नाही म्हटलं की ब्लेड काढतो. त्याला प्रेम म्हणतात होय गं?"

'शेवटचा बाक' ही मालिका तेव्हा रोज संध्याकाळी साडेसातला लागायची. बारावीतली केतकी, तिच्या मागं कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याचा भाचा अनय, आणि तिच्याशी रोज वाद घालणारा कारखानदाराचा मुलगा विराज. केतकीनं कुणाला 'हो' म्हणावं यावरून आमच्या तासगावातल्या पोरींत उभी फूट पडली होती. माझी चुलत बहीण पल्लवी नववीत होती आणि घराच्या मागच्या भागात राहायची. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे शहाणं असायला हवं अशा वयाची. पण साडेसात वाजले की आम्ही दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात असायचो, आणि मला ते फार आवडायचं. आमच्या घरात एरवी मुलींनी मत मांडायला जागाच नव्हती. टीव्हीतल्या पोरांबद्दल मात्र काहीही बोलता यायचं.

त्या दिवशी शालनआत्तीही समोर बसली होती. आत्ती म्हणजे पप्पांची थोरली बहीण, विट्याची. गुडघे दाखवायला म्हणून आली आणि राहिली. आधी मालिका म्हटलं की ती नाक मुरडायची. या खेपेला मात्र रोज साडेसातच्या आधीच ताटात लसूण घेऊन टीव्हीसमोर हजर. लोडशेडिंगमुळं आमचा एक भाग बुडाला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी दाखवतात तो बघून तिनं आम्हाला तो सबंध सांगितला होता. संवादांसकट.

"मग हेमांगे," लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "तुझं काय म्हणणं? केतकीनं विराजलाच करावं?"

"करावंच."

"पण पोरगा तापट हाय की गं."

"असू दे तापट. मनात ठेवून कुढणाऱ्यापेक्षा बरा."

"आणि घर केवढं त्यांचं. सासू कडक. चार माणसं येणार-जाणार. झेपंल तिला?"

"का नाही झेपणार? ती काय कच्ची आहे? सगळ्यांना पुरून उरेल."

"आणि शिक्षण? अर्ध्यात ऱ्हायचं."

"लग्नानंतर शिकेल की. विराज अडवणाऱ्यातला नाही."

"बघ आत्ती, पैसेवाल्याची बाजू घेतीय ही," पल्लू करवादली. "मी चाललो जेवायला." आमच्याकडं पोरीही बिनदिक्कत 'मी चाललो' म्हणतात.

आत्तीनं मान डोलावली. ताट बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पप्पांच्या खोलीत गेली. मी पल्लूला पाठीमागून ओरडून सांगितलं, "आत्तीपण माझ्या बाजूला आली गं!" किती खूश झाले होते मी! त्या आनंदाचा मला आजही संताप येतो.

कारण त्याच सुमारास घरात एक स्थळ येऊन गेलं होतं. धैर्यशील जगदाळे. बेदाण्याचे व्यापारी, सांगली रोडला स्वतःचं कोल्ड स्टोरेज, दारात जीप. पप्पांचं पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान. जगदाळ्यांचं माणूस आपल्या उंबऱ्याच्या आत आलं याच्यावरच पप्पा विरघळले होते. मुलगा दिसायला चांगला, वागायला त्याहून चांगला. आल्या आल्या आईच्या पाया पडला. पप्पांना वाकून नमस्कार केला.

पण तो आत यायच्या आधीचं मी बघितलं होतं. साडी नेसवून मला आतल्या खोलीत बसवलं होतं आणि त्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. जीप मागं घेताना आमच्या कंपाउंडला घासली. धैर्यशील स्वतःच मागं उभा राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. पण घासल्यावर तो पुढं गेला, ड्रायव्हरच्या खिडकीतून हात आत घातला आणि त्या माणसाच्या टाळक्यात मारली. एकदा नाही. ड्रायव्हर पांढऱ्या केसांचा, पप्पांहून मोठा असेल. त्यानं हात वर केला नाही की तोंड फिरवलं नाही. मार नेहमीचा असल्यासारखा नुसता बसून राहिला. मग धैर्यशीलनं केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट केला आणि हसत आमच्या दारात आला.

माझं उत्तर त्या खिडकीतच ठरलं. फक्त कुणीतरी विचारायचा अवकाश होता. आमच्या घरात मुलीनं स्वतःहून लग्नाचा विषय काढला तर तिला आगाऊ म्हणायचे, निर्लज्जही म्हणायचे. म्हणून मी थांबले. पप्पा विचारतील, निदान आई विचारेल, तेव्हा सगळं सांगायचं असं मी मनाशी घोळवत होते. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. दिवस जात होते आणि कुणी विषय काढत नव्हतं. मला वाटलं, तिकडूनच नकार आला असेल. सुटले म्हणून मी प्रॅक्टिकलच्या तयारीला लागले.

प्रॅक्टिकल देऊन दुपारी घरी आले तर दारात चपलांचा ढीग, आणि समोरच्या लिंबाखाली ती जीप. तोच ड्रायव्हर पायरीवर बसून पाणी पीत होता.

पल्लू धावत बाहेर आली. "दीदी, मागच्या दारानं ये पटकन. तुझी सुपारी हाय."

"माझी काय?"

"सुपारी फुटायलीय. जगदाळ्यांकडची माणसं आलीत."

सुपारी फुटणं म्हणजे आमच्याकडं लग्न ठरणं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पाचजणांच्या देखत अडकित्त्यानं सुपारी फोडायची, सगळ्यांनी तिचं खांड तोंडात टाकायचं. त्यानंतर लग्न मोडलं तर मोडणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही.

मी मागून स्वयंपाकघरात शिरले. आई इस्त्रीची साडी हातावर घेऊन उभी होती. आत्ती ताटात पेढे मांडत होती.

"आलीस? बरं झालं," आई म्हणाली. "तोंड धू, ही नेस. बहुतेक बाहेर बोलवायचे नाहीत, पण बोलावलंच तर तयार असलेलं बरं."

"आई, मला कुणी विचारलं?"

आईनं आत्तीकडं बघितलं.

"विचारलं की," आत्ती पेढ्यांवरची नजर न काढता म्हणाली. "मी स्वतः विचारलं."

"कधी?"

"असं काय करतीस गं? एकदा न्हाई, चारदा विचारलं. तापट हाय म्हटलं, तू म्हणालीस असू दे. घर मोठं, सासू कडक म्हटलं, तू म्हणालीस पुरून उरंल. शिक्षणाचंबी काढलं. म्हणालीस, लग्नानंतर शिकंल. माझ्या कानानं ऐकलंय. ही पल्लवी साक्षीला हाय."

पल्लूचं तोंड उघडंच राहिलं. माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

"आत्ती, ते केतकीचं होतं."

"मग?"

"केतकी. टीव्हीतली."

"व्हय गं, टीव्हीतली. मला काय कळत न्हाई?" आत्ती चिडली. "पण बोलणारं मन कुणाचं? तुझंच न्हवं?"

आमच्या खराड्यांच्या घरात याला 'पोरीचं मन काढून घेणं' म्हणतात. लग्नाबद्दल मुलीला सरळ विचारायचं नाही. सरळ विचारलं तर मुलीची भीड मोडते आणि बापाचा मान जातो, असं समजायचं. म्हणून एखादी आत्ती नाहीतर मावशी राहायला येते, मुलीशेजारी बसते, हाताला काम घेते आणि भलतंच काहीतरी विचारते. मुलगी बोलते, बाई त्यातून अर्थ काढते आणि पुरुषांना सांगते. शालनआत्तीचं या कामात मोठं नाव होतं. माझ्या एका चुलत बहिणीपुढं तिनं दोन साड्या टाकल्या होत्या आणि त्या पोरीनं उचललेल्या साडीवरून तिला नोकरदार नवरा दिला होता. दुसरीला विचारलं होतं, नळाचं पाणी गोड लागतं का विहिरीचं. तिला मळ्यात दिलं. हे सगळं लहानपणापासून ऐकून मी हसत आले होते. माझ्यापाशी ती लसणाचं ताट घेऊन बसली तेव्हा मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. तिचे गुडघे ठणठणीत होते.

"आणि मी अनय म्हणाले असते तर?" मी विचारलं.

"तर भावाला सांगितलं असतं, पोरगी न्हाई म्हणतीय, नाद सोड." आत्तीनं छातीवर हात ठेवला. "मी कुणाच्या पोरीचं खोटं सांगितलं न्हाई आजवर. देवाशपथ."

ती खरं बोलत होती, आणि त्यानं मी आणखीच भडकले. माझं अख्खं आयुष्य, मी ब्लेडवाल्या पोराला शिव्या घातल्या म्हणून, एका मारकुट्या माणसाच्या दावणीला बांधायला सगळे निघाले होते. तेही अगदी प्रामाणिकपणे.

"विराज मला आवडतो, कारण तो चुकलं म्हणतो!" मी ओरडले. "हे ऐकलं होतंस का? पैसेवाला आहे म्हणून नाही! तुझ्या त्या धैर्यशीलनं म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या टाळक्यात मारली. आमच्या दारात. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग त्याच दिवशी सांगायचं न्हाई व्हय?"

"विचारलं कुणी?"

"आवाज खाली कर, बाहेर ऐकू जाईल," आत्ती म्हणाली. "गाडी घासली म्हणून हात उचलला असंल. पुरुषाचा हात उचलतोच कवातरी."

तेवढ्यात आईच्या हातातली साडी ओट्यावर पडली.

"वन्सं," ती म्हणाली. नणंदेपुढं आईचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही मला म्हणालात, हेमांगीला विचारलं. ती हो म्हणाली, असं म्हणालात."

"मग काय खोटं सांगितलं?"

"टीव्हीचं विचारलंत तुम्ही! मी चार दिवस देवापुढं साखर ठेवतेय, की पोरीनं आपल्या तोंडानं हो म्हटलं. निदान हिच्या नशिबी तेवढं आलं. आणि तुम्ही टीव्हीचं विचारलंत?"

पप्पा आत आले. टोपी, नवा सदरा, कपाळाला गंध. "काय चाललंय? बाहेर बापूसाहेबांनी अडकित्ता हातात घेतलाय, आणि तुम्ही हितं बाजार मांडलाय?"

"पप्पा, मला हे स्थळ नको."

पप्पांनी माझ्याकडं न बघता आत्तीकडं बघितलं. "आक्का, तू तर म्हणालीस..."

"ती तसंच बोलली होती. आता फिरली."

"मी फिरले नाही! मला विचारलंच नाही! पप्पा, तुम्ही विचारा मला. आत्ता. हितंच."

पप्पांचा चेहरा लाल झाला. ते फरशीकडं बघत राहिले. मी वाट बघितली. आई, आत्ती, पल्लू, सगळ्याच त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी ओठ हलवले, पण बाहेर पडलं ते असं, "शब्द गेलाय आता. माणसं बसलीत." आणि ते वळून निघून गेले.

मीही त्यांच्यामागं निघाले. आत्तीनं माझा दंड धरला, तर आईनं तिचा हात सोडवला.

बाहेर खुर्च्या मांडल्या होत्या. जगदाळ्यांकडची माणसं, आमच्या गल्लीतले दोघंतिघं. धैर्यशील आला नव्हता. त्याचे चुलते बापूसाहेब मधोमध बसले होते आणि अडकित्त्याच्या पात्यांत सुपारी धरलेली होती. मी प्रॅक्टिकलच्याच कपड्यांत होते. कुडत्यावर ॲसिडचा डाग पडलेला.

"थांबा," मी म्हणाले. "मला विचारलेलं नाही."

मग बापूसाहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"विचारा की खराडे," ते म्हणाले. "आजकालच्या शिकलेल्या पोरी. त्यांचंबी समाधान होऊ दे. विचारा, म्हणजे तोंड गोड करून मोकळं होऊ."

पप्पांनी कुणाकडंच न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलल्यासारखं विचारलं, "हेमांगी, पसंत हाय न्हवं?"

एवढ्या माणसांत, अडकित्ता उघडा धरलेला, आणि शेवटी ते 'न्हवं'. माझ्या बापानं मला जन्मात पहिल्यांदा माझ्या मनाचं विचारलं ते असं. तो प्रश्नच नव्हता. मान खाली घालायला सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं असेल, पोरगी लाजली.

"नाही," मी म्हणाले.

"अगं..." पप्पा म्हणाले.

"नाही पसंत. कारण पाहिजे असेल तर बाहेर तुमचा ड्रायव्हर बसलाय. त्याला विचारा, मालकाचा हात कसा लागतो."

बापूसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी सुपारी अडकित्त्यातून काढून ताटात ठेवली, सावकाश उठले आणि पायांत चपला घातल्या. "खराडे, पोरीला टीव्हीसमोर फार बसवू नका," एवढंच म्हणाले. म्हणजे आतलं सगळं बाहेर ऐकू गेलं होतं. जीप सुरू झाली, लिंबाखालून वळली आणि गेली. गल्लीतली माणसं चहा न पिता पांगली.

मला वाटलं होतं, पप्पा मारतील. ते माझ्याकडं दोन पावलं आलेही. पण आई मधे येऊन उभी राहिली, आणि ते तिथंच थबकले.

आत्तीनं मात्र आकाशपाताळ एक केलं. "माझं नाव घालवलंस. चार गावांत माझा शब्द चालत होता. आता कोण बोलवंल मला?" पिशवीत लुगडी कोंबता कोंबता ती रडत होती. मग एकदम थांबून म्हणाली, "मला काय विचारलं होतं, माहीत हाय? म्हशी बऱ्या का शेळ्या. मी बारा वर्षांची. म्हणाले, म्हशी. म्हशीवाल्याकडं दिली. पन्नास वर्सं शेण काढलं, पण तुझ्यासारखा तमाशा केला न्हाई."

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. आजही येत नाही. शेण काढलेल्या बाईला तरी कळायला हवं होतं की त्या बारा वर्षांच्या पोरीनं फक्त म्हशीबद्दल सांगितलं होतं. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती विट्याच्या गाडीला निघून गेली आणि माझ्या लग्नाला, पुढं आठ-नऊ वर्षांनी मी स्वतः ठरवलेल्या लग्नाला, आली नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. आत्ती गेल्यावर आई आत जाऊन पडली. पल्लूला काकूनं ओढत मागं नेलं. खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. पप्पा त्यांतल्या एकीवर बसले होते, टोपी मांडीवर. मी समोरच्या खुर्चीवर बसले. मला अजून भांडायचं होतं.

"एवढं होतं मनात, तर आधी बोलायचं," ते म्हणाले.

"आधी विचारायचं."

पप्पांनी टोपीची घडी घातली. मग म्हणाले, "बापानं पोरीला असलं कसं विचारायचं?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. जळालेली मोटार उघडून कुठली तार गेलीय हे सांगणारा माणूस, आणि वीस वर्षं घरात वावरणाऱ्या मुलीला काय हवं ते कसं विचारायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. हसावं की शेजारची खुर्ची उचलून आपटावी, मला कळेना.

"असं विचारायचं," मी म्हणाले. "म्हणायचं, हेमांगी, तुला काय पाहिजे? मग गप्प बसायचं. आणि मी सांगेन ते ऐकायचं. पुढं 'न्हवं' लावायचं नाही."

त्यांनी मान हलवली. टोपी मांडीवरून उचलली, परत ठेवली. घसा खाकरला.

"हेमांगी," ते म्हणाले. "तुला..."

मी थांबले.

"तुला..." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते इकडंतिकडं बघायला लागले, खुर्च्यांकडं, दाराकडं, आतल्या अंधाराकडं. "तुला च्या पाहिजे का?"

माझ्या बापानं आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. पातेलं कुठं असतं तेही त्यांना माहीत नसावं. आणि सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मला चहा हवा होता, अगदी हवा होता.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. 'घे की थोडा' म्हणाले नाहीत. 'असं कसं' म्हणाले नाहीत. आईला हाक मारून विचारलं नाही.

"बरं," पप्पा म्हणाले.